कोण भरतं तो पत्ता?

भुतंखेतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचावं. गेल्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या जावेच्या घरी भरदुपारी घडलेलं आहे. यात पदरचं एक अक्षर नाही.

भावजी गेले, पण माळ्यावरच्या खोलीतला त्यांचा कॉम्प्युटर चालूच राहिला. घरातले सगळे जुने फोटो त्यात. आमच्या वेळी ते ट्रंकेत असायचे, डांबराच्या गोळ्यांच्या वासाचे. आता दूरदेशी असलेली जावेची लेक तिकडून, त्याच कॉम्प्युटरवरून चालणारी घरची वेबसाइट उघडून बाबांना बघायची. तेवढाच तिला आधार.

पण वीज गेली की घरच्या इंटरनेटचा पत्ता, म्हणजे एक लांबलचक आकडा, बदले. मग वर कॉम्प्युटरवर बसून साइटच्या नावापुढे नवा पत्ता भरायचा, नाहीतर लेकीला काहीच दिसत नसे. भावजी हे हातानं करत. जाऊही शिकली.

त्या दुपारी वीज गेली... आणि आली.

ती जिना चढून वर गेली.

नवा पत्ता आधीच भरलेला होता.

तिनं लेकीला फोन लावला. "तू केलंस का गं?"

"मी? मला पासवर्ड तरी कुठे दिलायस?"

जाऊ हसली. कीबोर्डवर बोट टेकलं...

बोट चिकटलं.

कळांवर थुंकी होती. कोमट. बोट उचललं तशी तार लांबली. आंबलेल्या तोंडाचा वास आला आणि तिला भडभडून उलटी झाली.

तिनं सगळं पुसलं. पासवर्ड बदलला. खोलीला कुलूप घातलं.

पुन्हा वीज गेली... पुन्हा पत्ता भरलेला. या खेपेला थुंकीत चावून टाकलेलं नख होतं.

"बंदच करते मेलं ते!" ती फोनवर म्हणाली.

लेक रडायलाच लागली. "नको ना आई! बाबाच करतायत ते, माझ्यासाठी."

भावजी हात धुतल्याशिवाय त्या कळांना शिवत नसत. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचे. "ऑपरेशन आहे की काय?" म्हणून आम्ही चिडवायचो.

हे लेकीला कोणत्या तोंडानं सांगायचं?

"हो गं, बाबाच," ती म्हणाली.

तेव्हापासून साइट एकदाही बंद पडलेली नाही. जाऊ नाक दाबून, फडकं घेऊन वर जाते.

परवा मी विचारलं, "मग आहे तरी कोण ते?"

"काय माहीत, जाऊबाई. काल स्क्रीनवर लेकीचा लहानपणचा फोटो उघडा होता. गालावर ओला ओघळ... चाटल्यासारखा."

"अगं, मग आता तरी सांग तिला!"

"कसं सांगू? पुढच्या महिन्यात येतेय ती. म्हणते, बाबांच्या खोलीतच झोपेन."