चार पायऱ्यांवरचा मुंगीवाला

“तुमचं माझ्यापासून अंतर किती?”

प्रश्न विचारून झाला आणि भिंगरीला वाटलं, कॅन्टीनची फरशी दुभंगावी आणि आपण चहाच्या कपासकट गडप व्हावं. खांबामागे तिच्या तीन मैत्रिणी तोंडावर वह्या धरून गदगदत होत्या. पैज त्यांचीच. गेले दोन महिने भिंगरीनं त्यांचं डोकं खाल्लं होतं – कुठलेही दोन संशोधक द्या, मी सहा पायऱ्यांच्या आत जोडून दाखवते. शेवटी त्यांतली लंबू वैतागून म्हणाली, मग त्या मुंगीवाल्याला जोड की. नुसती बघतेस कसली चोरून?

मुंगीवाला म्हणजे तळघरातल्या प्रयोगशाळेत काचेच्या पेट्यांमध्ये मुंग्या पाळणारा संशोधक. त्यानं कप खाली ठेवला, तिच्याकडे पाहिलं, मग दोघांमधल्या फरशीकडे पाहिलं.

“साडेचार फूट,” तो म्हणाला. “खुर्ची पुढे घेतलीत तर कमी होईल.”

भिंगरीनं खुर्ची पुढे घेतली. आता काय, पैज ती पैज!

तिला भिंगरी म्हणायचे, कारण ती पाच मिनिटं एका जागी बसली की घरातले थर्मामीटर शोधायला लागायचे. पण कामात मात्र पोरगी पक्की. कोणी कोणाबरोबर शोधनिबंध लिहिला, याचा ती नकाशा करत होती. माणूस म्हणजे ठिपका. दोघांनी मिळून लिहिलं की मध्ये रेघ, अंतर एक. सहलेखकाचा सहलेखक म्हणजे दोन. तिनं लॅपटॉप उघडला, दोन नावं टाकली, आणि जाळ्यातून एक लाल वाट उजळली. भिंगरीपासून तिचे बाबा – कालव्यांचे प्राध्यापक, त्यांच्याबरोबर तिनं मागच्या वर्षी एक निबंध लिहिला होता. बाबांपासून त्यांचे जुने मित्र, कालवेकाका. काकांपासून मुंगीवाल्याचे सर. आणि सरांपासून तो.

“चार,” ती म्हणाली. “आणि हे काका बघा. कालव्यांवरही लिहितात, मुंग्यांवरही. दोन्ही जगांना जोडणारा हा एकच माणूस. माझा अख्खा निबंध यांच्यावर उभा आहे.”

तो त्या नावाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “चार... बरा आकडा आहे.”

त्या दिवसापासून भिंगरीचं कशात म्हणून लक्ष लागेना. आकडे टिपायला बसायची आणि उठायची. पाणी प्यायला जायची आणि न पिता परत यायची. दिवसातून दोनदा तळघरात काहीतरी ‘विसरायला’ जायची. तिथं ओल्या मातीचा वास असायचा. तो टॉर्च धरून दाखवायचा, ही बघ, हिला कण सापडला की ती वाटेवर खूण सोडत घरी येते, मग बाकीच्या त्या खुणेवरून जातात. बोलता बोलता दोघं एकाच काचेवर वाकायचे. काचेवर दोन श्वासांची वाफ धरायची... आणि मग दोघंही एकदम मुंग्यांकडे बघायला लागायचे.

चौथ्या दिवशी तोच वर आला, ग्रंथालयात. हातात एक जुना अंक होता, आणि चेहरा असा की कुणीतरी मुंग्यांची पेटीच पाडली असावी.

“एक सांगायचं होतं. तुझ्या नकाशातले ते काका... आमच्या सरांबरोबर ज्यांनी लिहिलं, ते गृहस्थ नऊ वर्षांपूर्वी वारले. पाण्याला इतके घाबरायचे की नाल्यावरची फळी ओलांडताना सरांचा हात धरायचे, असं सर सांगतात. ते कालव्यावर कशाला लिहितील?”

भिंगरी उभीच राहिली. कालवेकाका तर मागच्या महिन्यात घरी येऊन तिची थट्टा करून गेले होते. लहानपणापासून ती त्यांना ओळखत होती. पण एकदाही, एकदासुद्धा विचारलं नव्हतं, काका, तुम्ही मुंग्यांवर कधी लिहिलंत? यंत्रानं एकाच नावाच्या दोन माणसांचे ठिपके एकावर एक ठेवले, आणि हिनं मान डोलावली.

तिनं जिन्यात जाऊन काकांना फोन लावला. काका पोटभर हसले. म्हणाले, अगं, मुंग्या मला साखरेच्या डब्यात दिसतात तेवढ्याच, आणि तेव्हा मी तुझ्या काकूला हाक मारतो.

ती परत आली. खुर्चीत बसली, उठली, खिडकीपाशी गेली. शुक्रवारी निबंध परिषदेत वाचायचा होता. त्याच्या जोरावर मोठ्या संस्थेत तिची जागा ठरली होती. बाबांनी आत्या, मावशी, शेजारी, सगळ्यांना सांगून झालं होतं.

“तुला केव्हा कळलं?”

“पहिल्याच दिवशी शंका आली,” तो अंकाच्या कडेशी खेळत म्हणाला. “तीन दिवस बोललो नाही. चूक झाली माझी. तुझा निबंध खोटा ठरणार हे तर होतंच, पण... ते काका निघाले की आपल्यातली वाटच जाते ना. मला चार आवडायला लागला होता.”

भिंगरीनं नकाशा उघडला आणि त्या एका ठिपक्याचे दोन केले. पुन्हा दोघांची नावं टाकली. पडद्यावर ओळ आली: वाट सापडली नाही.

खिडकीतून वारा आला, कागद उडाले. दोघं एकदम खाली वाकले, आणि डोक्यावर डोकं आपटलं.

“लागलं?” त्यानं विचारलं.

“हो,” ती म्हणाली. पण कपाळाला हात लावायचं तिला सुचलंच नाही. ती त्याच्याकडेच बघत होती. “ऐक. अशा चुका सगळ्या नकाशांत असतील. कुठं कुठं आहेत ते शोधून लिहायला हवं. मला एकटीला नाही जमणार... सहलेखक होशील?”

“म्हणजे अंतर एक?”

“एक.”

“त्याहून कमी काही नसतं का?”

“शून्य. पण ते फक्त स्वतःचं स्वतःशी असतं.”

त्यानं क्षणभर विचार केल्यासारखं केलं. कान मात्र लाल झाले होते. “मग एकच बरा. समोर कुणीतरी हवं – मला तू हवीस.”

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी भिंगरी चक्क शांत बसली होती. आईनं तिच्या कपाळावरचं टेंगूळ पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं, आणि हातातला डाव तसाच धरून ठेवला. बाबा मोठ्या संस्थेच्या वसतिगृहाबद्दल बोलत होते.

“आई, बाबा, निबंध मी आज मागे घेतला,” भिंगरी म्हणाली. “तो चुकीचा होता. या वर्षीची जागा जाईल, मला माहीत आहे. पुढच्या वर्षी खऱ्या निबंधावर अर्ज करीन. तो मी लिहिणार आहे, पण एकटी नाही. दुसरं नाव ज्याचं असेल तो रविवारी जेवायला येतोय. आणि बाबा, तो फक्त निबंधापुरता नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवते.”