दुसऱ्याच्या छातीचा दाखला

"मिस डेल, काल मी इथं येऊन गेलो म्हणतायत."

"कुठं?"

"दवाखान्यात. हृदयाच्या तपासणीला. नर्स म्हणते, काल आलास, तपासणी झाली, ठणठणीत आहेस, आज परत कशाला? मिस डेल, मी काल दुपारी हॉटेलच्या खोलीत झोपलो होतो हो!"

डेलोरिस टॅगर्टच्या हातातला कॉफीचा कप हातातच राहिला. फोनवर अमारी धापा टाकत होता.

"तिथंच बस. कुणाशी बोलू नकोस. आणि धावायचं नाही, अमारी. जिनासुद्धा चढायचा नाही. कळलं?"

"पण दहाला तुमच्या मालकांसमोर माझी चाचणी आहे."

"बस म्हटलं ना!"

शिकागोत तो ड्राफ्टच्या, म्हणजे बास्केटबॉलचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या सोहळ्याच्या, आधीचा आठवडा होता. कॉलेजातली उंच पोरं शहरात गोळा झाली होती आणि देशभरातले संघ त्यांना गुरांच्या बाजारात बघावं तसं बघत होते. उंची, वजन, उडी, दात सोडून सगळं. डेलोरिसचं आयुष्य याच बाजारात गेलं होतं. संघासाठी पोरं हेरायची हे तिचं काम, आणि या वर्षीचं तिचं पोर म्हणजे लुइझियानाचा अमारी थिबोडो. आज तो मनासारखा धावला, तर पहिल्या पाचांत त्याचं नाव पुकारलं जाणार होतं.

टॅक्सीत बसल्याबसल्या तिनं संघातल्या आपल्या साहेबांना फोन लावला. साहेब वैतागले.

"डेल, दाखल्यावर नाव त्याचं, निकाल उत्तम. मालक विमानानं आलेत. तुला तर प्रत्येक पोराच्या हृदयाची काळजी!"

"तपासणी परत करा."

"डॉक्टर दुपारी येतात. दहाच्या आत पुरावा आण, नाहीतर पोरगा धावणार. आणि न धावणारा पोरगा काय लपवतोय, असं बाकीचे संघ विचारणारच."

तिनं फोन ठेवला.  तिचा थोरला भाऊ रेमंड शाळेच्या मैदानावर, हातात चेंडू असताना, उभ्याउभ्या कोसळला होता. सतराव्या वर्षी. लोकांना वाटलं, पाय घसरला. काही जण हसलेसुद्धा. ते हसणं तिला अजून ऐकू यायचं.

आणि आता डोक्यात एकच गोष्ट घोंघावत होती. आपल्या पोराऐवजी दुसऱ्याची छाती तपासायला कोण पाठवेल? ज्याला आपल्या पोराच्या छातीत काय आहे ते ठाऊक आहे, तोच.

दवाखान्याची नर्स ग्राझिना, पोलिश बाई, आधीच रडकुंडीला आली होती.

"मी त्याचं ओळखीचं कार्ड बघितलं हो! फोटो शाळेतला, दात काढून हसणारा. समोर टोपी कानापर्यंत ओढलेला ताडमाड मुलगा. मी एवढीशी. मान वर करून करून किती बघणार?"

"बोलला काही?"

"हो मॅडम, नाही मॅडम. एवढंच. घरात कुणी हृदयानं गेलं का विचारलं, तर पटकन नाही म्हणाला. बिचारा त्या पाटीवर असा आदळला! कपाळाला टेंगूळ आलं. मीच बर्फ दिला."

तपासणीच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळात छताला 'शांतता राखा' अशी पाटी साखळ्यांनी टांगली होती. डेलोरिसनं तिच्याकडे बघितलं. मग कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसलेल्या अमारीकडे.

"बाळा, बोळाच्या टोकाला पाणी आहे. एक पेला आण. सावकाश."

अमारी उठला, बोळातून ताठ चालत गेला, पाणी घेऊन आला. पाटी जागची हलली नाही. डेलोरिस पाणी प्यायली. 

"काल इथं का आला नाहीस?"

"हॉटेलात निरोप होता. दवाखान्यातून फोन आला, वेळ उद्यावर गेली म्हणून."

"कार्ड कुठं होतं?"

"खोलीत, टेबलावर. सकाळी होतंच की तिथं."

"किल्ली कुणाकुणाकडे?"

"ग्रँट, इलाय आणि काका." त्याचा चेहरा पडला. "मिस डेल, माझ्या छातीत काय आहे?"

तिनं फोन काढला. तिनं तिघांनाही बोलावून घेतलं.

आधी आला ग्रँट व्हिटलॉक, अमारीचे करार बघणारा दलाल. बूट चकचकीत, तोंड त्याहून.

"डेल, हे बाहेर फुटलं तर पोरगा संपला. निकाल चांगलाय ना? मग देवाचे आभार मान आणि गप्प बस."

"काल दुपारी कुठं होतास?"

"जेवत होतो. तीन संघांचे लोक साक्षीला आहेत."

"लोक साक्षीला असताना फोन करून दुसऱ्याला पाठवता येतं, ग्रँट."

"माझ्यावर संशय? याला मीच मोठा केलाय!"

"मोठा तर कॉलेजनं केलाय. त्यांच्या पुस्तिकेत सहा फूट नऊ इंच!"

ग्रँटला हसू आवरेना. "सगळीच कॉलेजं करतात. बूट धरून, केस धरून, वर देवाची कृपा धरून. काल सकाळी मोजपट्टीसमोर मी उभा होतो ना. सहा फूट सहाच भरला!"

दुसरा इलाय बर्क, अमारीचा प्रशिक्षक. तो घामाघूम होऊनच आला.

"मी असलं करीन? मी याला काचेच्या भांड्यासारखा जपतो. काल मोजमापाला गाडीच्या मागच्या सीटवर आडवा झोपवून नेला. उभं राहिलं की मणके दबतात, उंची कमी भरते. महिनाभर रोज लोखंडी बारला लटकवलाय. तरी सहा-सहाच भरला."

"मग?"

"मग काय, हिरमुसला. मला म्हणाला, काकाला सांगू नकोस."

शेवटी आले रॉस्को थिबोडो. अमारीच्या बापाचा भाऊ. बाप गेल्यावर पोराला त्यांनीच वाढवलेलं. ट्रक चालवून चालवून पाठ वाकलेली, हातात टोपी.

"काका, काल तुम्ही कुठं होतात?"

"हॉटेलात, बाई. मोजमापाला नातेवाइकांना आत घेत नाहीत. दुपारी जरा पाय मोकळे करून आलो. पोरगं झोपलेलं."

"तो बाहेर पडला नाही, कशावरून?"

"सहा-नऊचं पोर ते! दाराबाहेर पडलं असतं तर अख्ख्या हॉटेलला दिसलं असतं." त्यांनी अमारीच्या खांद्यावर हात ठेवला. 

"याचा बाप कशानं गेला?"

"ट्रकचा अपघात. सगळ्यांना माहितीये."

"रस्ता कसा होता?"

"सरळच. उन्हाचे दिवस, कोरडा रस्ता."

"ब्रेक लावला होता?"

काकांनी टोपी हातात चुरगळली. बाजूनं अमारीच म्हणाला, "नाही लावला. काकाच शेजारी बसला होता. तोच सांगतो, ट्रक आपोआप शेतात शिरला."

 घड्याळाकडे बघायचीही तिला भीती वाटत होती. ती उठली.

"अमारी, त्या पाटीखाली जाऊन उभा राहा. ताठ."

तो उभा राहिला. बूट घालूनही त्याचे केस पाटीला जेमतेम टेकले. रॉस्कोकाका बघतच राहिले.

"काल जो आला, त्याचं कपाळ आदळलं," डेलोरिस म्हणाली. "याचं आदळूच शकत नाही. म्हणजे आलेला मुलगा याच्यापेक्षा चांगला दोन-तीन इंच उंच. ज्यानं तो शोधला, त्याला वाटत होतं की अमारी सहा-नऊ आहे. ग्रँट, तू काल मोजपट्टीजवळ होतास आणि पुस्तिकेतली थाप तुला आधीपासून ठाऊक. इलाय, तू तर महिनाभर याचा इंच न् इंच ताणतोयस. तुम्ही दोघांनी सहा-सहाचा मुलगा आणला असता. असली मुलं या गावात आज पैशाला पासरी मिळतील. सहा-नऊवर विश्वास ठेवणारा माणूस आमच्या धंद्यात कुणीच नसतो. असतो तो फक्त घरचा."

ती काकांकडे वळली.

"काका, तुमच्या भावाचा अपघात झालाच नाही. सरळ रस्ता, कोरडा दिवस, ब्रेक नाही. ट्रक शेतात शिरायच्या आधीच तो गेलेला होता. तुम्ही शेजारी होतात. तुम्ही बघितलंत."

"काका?" अमारी पाटीखालूनच म्हणाला.

रॉस्को खुर्चीत बसले. "बोलता बोलता थांबला रे. गाणं म्हणत होता आणि मधेच थांबला. मला वाटलं, शब्द विसरला." त्यांनी टोपी तोंडावर धरली. "मागनं डॉक्टर म्हणाले, रक्तातून येतं हे, पोराला तपासून घ्या. नाही घेतलं. तू चेंडू टाकायला लागला होतास. पुढं म्हटलं, इतकी वर्षं खेळतोय, काही झालं नाही, आता नाही होत. इथं ही तपासणी आहे कळलं आणि माझी पाचावर धारण बसली. आपल्या गावच्या ओटिसचा मुलगा इथंच गोदामात कामाला आहे. निरोप मीच ठेवला, कार्ड मीच नेलं; आज तपासणी रद्द झाली म्हणून सांगायच्या आत तू निघून आलास. तुझ्याच एवढा... मला वाटलं, तुझ्याच एवढा."

"आणि मी आज कोसळलो असतो तर?"

"रोज रात्री तेच दिसायचं, बाळा."

"तरी धावू देणार होतास?"

 अमारी मोठ्यानं ओरडला, भिंतीवर हात आपटला, आणि लगेच घाबरून स्वतःच्याच छातीवर हात ठेवून थांबला. ते बघून डेलोरिसला रडू फुटलं. तिनं तसंच साहेबांना कळवलं, की पोरगा धावणार नाही, मालकांनी हवं तर चिडावं.

दुपारी डॉक्टर आले. अमारी तपासणीच्या खाटेवर आडवा झाला. पाय खाटेबाहेर लोंबत होते. डॉक्टर पडद्याकडे बघत आधी बोलत होते, मग त्यांनी तीच जागा पुन्हा तपासली.

"हृदयाची भिंत जाड झालीये," ते हळूच म्हणाले. "औषधं आहेत, छातीत बसवायचं यंत्र आहे. पुष्कळ जगशील. पण खेळ इथं संपला, मुला."

अमारीनं डोळे मिटले. मग म्हणाला, "काल उंच भरावं म्हणून झोपून गेलो होतो, मिस डेल. काय उपयोग झाला?"

"कमी भरलास म्हणूनच वाचलास."

"मला भीती वाटतेय."

"मलाही. सकाळपासून."

त्यानं तिचा हात घट्ट पकडला. दाराबाहेर रॉस्कोकाका उभे होते, आत यायचं धाडस होत नव्हतं.

"येऊ दे त्याला," अमारी म्हणाला. "पण आधी सांगा, सहा-सहाच आहे मी. नीट बघून घे म्हणावं."

डेलोरिस उठली नाही. तिनं तिथूनच काकांना हाक मारली. यंत्रातून पोराच्या हृदयाचा आवाज खोलीभर येत होता, थोडा वेडावाकडा, पण चालू. रेमंडच्या छातीचा आवाज असा कुणी कधी ऐकलाच नव्हता. ती तो ऐकत बसली.