पळसाच्या चित्राखालची लाल बोटं

पवनारच्या कारखान्यात शिरतानाच फौजदार गुंजनचं डोकं तापलं. चौकशीआधीच चोर ठरवून ठेवलाय! मग पोलिसांना बोलावलं कशाला, चहा प्यायला? कापडं रंगवणारी रंभा भिंतीला टेकून उभी होती आणि मालकीण अनुसयाबाई तिच्या अंगावर खेकसत होत्या.

दीडशे वर्षांपूर्वीची झाडाफुलांची चित्रं इथं स्वयंपाकघरातल्या रुमालांवर, एप्रनवर छापतात. त्यातलं पळसाचं मूळ चित्र काल संध्याकाळी फ्रेममधून गेलं. कुलूप शाबूत. फ्रेमखाली धुण्याच्या सोड्यात भिजवलेल्या ओल्या, कोऱ्या रुमालांची चळत. वरच्या रुमालावर पाच लाल बोटं.

"हिच्याच रंगाचे हात हायेत हे! घेऊन जा हिले!"

"किल्ल्या किती?"

"दोन. एक हिच्यापाशी, एक माह्या पोरापाशी, अंकितपाशी. पण त्याले काल हळद लागली. हळद लागल्यावर नवरदेव घराबाहेर पाय ठेवते का?"

गुंजन रंभाकडे वळली. "काल संध्याकाळी तुम्ही कुठं होतात?"

"यांच्याच मांडवामांगं, पाणी भरून राह्यलती."

"नवरदेवाला हळद लावली?"

रंभाचा आवाज चिरकला. "मी विधवा, मॅडम! ताटाले बोटही लावू देलं नाई यांनी. हाकललं मले, चारचौघाईत!"

गुंजन तो रुमाल घेऊन तडक समोरच्या मांडवात गेली. मागोमाग सगळे. अंकित पाटावर बसला होता. हातात कट्यार, टोकाला लिंबू.

"लिंबू द्या."

"काऊन?"

उत्तर न देता तिनं लिंबू ओढलं, चिरलं आणि डागांवर पिळलं. लाल बोटं बघता बघता पिवळी झाली.

"हा रंग नाही, हळद आहे. सोडा लागला की हळद लाल होते. साबण लावल्यावर भाजीचा डाग लाल झालेला कुठल्या बाईनं पाहिला नाही? चित्र खराब होऊ नये म्हणून चोरानं आधी हात पुसले. किल्ल्या दोघांकडेच. एकीला तुम्हीच हळदीला शिवू दिलं नाही. उरलं कोण?"

अंकितच्या सुटकेसमध्ये, शेरवानीखाली, पळस सापडला. "नागपुरात गिऱ्हाईक पाहून ठेवलतं," तो पुटपुटला.

अनुसयाबाईंनी घाईघाईनं हळदीचं ताट रंभापुढे केलं. "घरची गोष्ट हाये, रंभा. घे, तूही लाव. जाऊ दे ना."

रंभानं ताट मागं लोटलं.

"काल लावू देली असती, तं आज मीच चोर ठरली असती, बाई. मॅडम, लिहा माही तक्रार."