घोंगडीआडचा तांबडा उजेड

रांजणगावच्या एमआयडीसीतल्या त्या लहानशा लॅबच्या काळ्या पडद्याला भोकं पडली होती. म्हणून स्वप्नालीनं दुपारी घरची घोंगडी आणून मायक्रोस्कोपभोवती टांगली. बाहेरचा उजेड शिरला की प्रथिनाच्या रेणूचा इवलासा उजेड त्यात बुडून जातो.

मण्यारीचं विष धरून ठेवील असं प्रथिन तिनं आणि लॅबच्या मच्छिंद्र सरांनी बनवलं होतं. त्याच्या दोन टोकांना दोन रंग चिकटवलेले. लेझर पडला की उघडं प्रथिन हिरवं चमकणार. विषावर मिटलं, टोकं जवळ आली, की तांबडं. आठवडाभर नुसतं हिरवं दिसत होतं.

"आज न्हाई मिटलं तर फेकून दे," मच्छिंद्र सर म्हणाले. "आन् ही घोंगडी कुठली गं?"

"आमची हाय. तुम्ही पडदा आणला असता तर लागली नसती."

याच घोंगडीवर गावाकडं, निमोण्याच्या देवळात तिच्या थोरल्या बहिणीला, चांगुणाला, निजवलं होतं. मण्यार चावलेली. दवाखान्यात न्यायला दारात गाडी उभी, आणि वडील, आण्णा, नि भावकीतले म्हातारे तिला निंबाचा पाला चारत बसले! पापण्या मिटल्या, मग श्वास थांबला. म्हणे देवाची मर्जी. कसली मर्जी? यांची अक्कल मेली होती. त्या वर्षी स्वप्नालीनं कॉलेज सोडून ही लॅब धरली, आणि आण्णांशी बोलणंही सोडलं. आता तिला एवढंच हवं होतं, हे प्रथिन एकदा मिटावं.

घोंगडीत डोकं घालून तिनं विषाचा थेंब सोडला. हिरवं. हिरवंच.

तेवढ्यात लाईट गेली. पंखे थांबले, लेझर विझला. लोकरीच्या वासात कुठूनतरी चुरगाळलेल्या निंबाच्या पाल्याचा वास मिसळला. आणि त्या काळोखात एक तांबडा ठिपका उमटला. शेजारी दुसरा...

"सर... लाईट गेलीय ना?"

"गेली की."

"मग हे... बघा."

सर वाकले. डोळा भिंगाला लावला. मग हळूच म्हणाले, "मिटतंय गं... समदं मिटतंय."

लाईट आल्यावर सरांनी स्वतः ताजा थेंब लावला. पुन्हा तांबडं. बिनविषाचा थेंब हिरवाच राहिला.

"फेकायचं न्हाई," सर म्हणाले. "उद्यापासून पुढचं काम धरू." आणि फोन लावायला बाहेर गेले.

स्वप्नाली रडता रडता हसली. मग एकदम थबकली. घोंगडीआड कुणीतरी श्वास घेत होतं. तिनं स्वतःचा श्वास रोखून धरला.

आतला श्वास, झोप पुरी झालेल्या माणसासारखा, सावकाश चालूच राहिला.