मांडवाखालचा दगड

"आधी द्राक्षं! देऊळ काय, उद्या पण तिथंच असणार!" एस.टी.तून उडी मारताच कृष्णात ओरडला.

"खादाड कुठला! तासगावात आधी गणपती बघतात!" घ्यायला आलेल्या आतेबहिणीने, हरणाने, त्याला टपली मारली.

"आधी विहीर," सुला म्हणाली. दोघंही तिच्यामागे मळ्याकडे निघाली.

साताऱ्याहून शनिवार-रविवारसाठी सुला आणि तिचा भाऊ कृष्णात राहीआत्याकडे आली होती, पण सुलाच्या मनात एकच गोष्ट होती. बाबांचं शेवटचं पत्र! लहानपणी ते शाळेसाठी या बहिणीकडेच राहायचे. 'फौजेत भरती व्हायच्या आदल्या दिवशी मळ्यातल्या विहिरीवर, धुण्याच्या दगडावर मी नाव कोरलंय. सुट्टीवर आलो की दाखवतो,' असं त्यांनी लिहिलं होतं. मग एकाहत्तरची लढाई झाली आणि बाबा आलेच नाहीत. घरी त्यांची पत्र्याची ट्रंक तेवढी आली. त्याला आता तीन वर्षं झाली.

आणि विहिरीवर दगडच नव्हता! होता नुसता चौकोनी खळगा.

"हरणे, आत्याने कसं सांगितलं नाही?"

"आई हिकडं येतच न्हाई. धुणं घरी नळावर करती."

आत्याच्या यजमानांना, भाऊसोमामांना, विचारलं, तर ते म्हणाले, "आसंल कुठंतरी! दगडाला काय पाय फुटत्यात?"

"पाय फुटत नाहीत, म्हणजे कुणीतरी नेला!" कृष्णात हळूच म्हणाला. पोरगं खादाड खरं, पण डोकं तल्लख!

सुला मळाभर फिरली. द्राक्षांचे घड डोक्याला लागत होते, पण तिला एक मणीही तोडावासा वाटला नाही. मांडवाच्या कडेने जाड तारा तिरप्या जमिनीत गेल्या होत्या.

"या तारा कुठं जातात गं?"

"खाली दगड पुरल्यात. ते ताण धरत्यात. जुना मांडव वाऱ्यानं पडला, म्हणून गेल्या उन्हाळ्यात ह्यो नवा घातला."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि भाकरी खात बसलेल्या कोंडीबा गड्याकडे धूम ठोकली!

"दगड व्हय? लागत हुते आठ. सात डोंगराकडनं आणले. आठवा विहिरीजवळचा घेतला आन् तिथल्याच तारेखाली पुरला. उगंच पडला हुता," कोंडीबा म्हणाला.

"त्याच्यावर नाव होतं, कोंडीबाकाका!"

"मला कुठं वाचाय येतंय, पोरी?" त्याचा घास हातातच राहिला.

तारांजवळ जायची पोरांना सक्त मनाई होती. पण जेवणानंतर मामा घोरू लागले आणि तिघं विहिरीकडच्या तारेपाशी पोहोचली. "तारेला हात लावायचा नाही!" असं बजावत सुला खुरप्याने एका बाजूचीच माती काढू लागली. वीतभर, दोन वीत... आणि एक अक्षर दिसलं. जो!

"काय चाललंय रं तिथं!" मामा गरजत धावत आले. "दगड हालला तर समदा मांडव खाली यील!"

सुलाने बोट दाखवलं; मामांनी वाकून उरलेली माती हाताने पुसली. 'जोतीराम.' बाबांचं नाव!

मागून राहीआत्या आली. कितीतरी दिवसांनी ती विहिरीकडे आली होती. 'जोतीराम'च्या खाली एक 'रा' होता, वेडावाकडा.

"माझं नाव कोरत हुता," आत्या म्हणाली. "छिन्नी मोडली. ऱ्हायलेलं सुट्टीवर आल्यावर करतो म्हणला, पर दर सुट्टीला ते ऱ्हाऊनच गेलं. तो गेल्यापासनं ह्या दगडाकडं बघायचा धीरच झाला न्हाई मला. बघितलं असतं तर दगड हलू दिला असता व्हय?" आणि तिला हुंदका फुटला.

मामांनी वर लटकणाऱ्या घडांकडे पाहिलं, मग सुलाकडे. "तू म्हणशील तर आत्ता काढतो. मांडव पडला तर पडू दे."

सुलाला फार वाटत होतं, हो म्हणावं. तिने डोळे पुसले.

"माल उतरल्यावर काढा, मामा. तोवर बाबांना मांडव धरू दे."

तिने वहीचं पान दगडावर ठेवून पेन्सिल घासली. काळ्या रंगात पांढरी अक्षरं उमटली. ती आईसाठी.

रविवारी एस.टी.त बसवताना मामा म्हणाले, "शाबास गं! आमा मोठ्यांना जे जमलं न्हाई ते पोरांनी केलं!" कोंडीबाने तर करंडीभर द्राक्षं दिली. कृष्णात एकदम खूश!

सुलालाही बरं वाटलं. पण जे दाखवतो म्हणाले होते, त्यांच्या तोंडून तिला शाबास ऐकायचं होतं. ती खिडकीकडे तोंड करून खूप रडली. मग पानाची घडी घालून तिने ते सोबत आणलेल्या बाबांच्या पत्रात ठेवलं.