मोठमायची आगारी

आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, ज्योत्स्ना भडगावला गेली ती पाय ओढतच. मोठमाय, म्हणजे तिची थोरली काकू धुरपदाबाई, जाऊन पाच महिने झाले होते. पितरांच्या पूजेत तिच्या नावाची पहिली घागर भरायची होती, आणि न जायला ज्योत्स्नाजवळ सांगण्यासारखं कारण नव्हतं.

ज्योत्स्ना जळगावच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करायची. शरीरातल्या लढाऊ पेशी भडकल्या की त्यांना आवरणाऱ्या राखणदार पेशी असतात. रक्तात त्या साखरेवर निभावतात, आतड्यात जंतूंनी बनवलेल्या आम्लांवर, चरबीत चरबीवर. चरबीतल्या मिळता मिळेनात. मग मोठमायचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं आणि ज्योत्स्नाला आयतंच घबाड दिसलं.

संमतीच्या कागदावर अंगठा उठवताना मोठमायनं विचारलं होतं, "हाई कसानं शे, पोरी?"

"तपासणीनं शे, मोठमाय."

"डाक्टर काही ठी तं नई लेतस ना? मी बठ्ठी घर जासू ना?"

ज्योत्स्ना हसून "हो, सगळीच्या सगळी" म्हणाली होती, आणि ऑपरेशनमध्ये काढलेला चरबीचा तुकडा प्रयोगशाळेत घेऊन गेली होती. त्या हसण्याची तिला अजून लाज वाटत होती.

दुपारी बाराला चुलतभाऊ कुंदननं गोवरीच्या निखाऱ्यावर एकेका पितरासाठी पुरणपोळी-भाताचा घास ठेवला, वर तूप सोडलं. आगारी पेटली की पितर जेवले, मग घरानं बसायचं. आजोबांची भक्कन पेटली. मोठमायची नुसती धुमसली.

कुंदननं फुंकर घातली. पुन्हा तूप सोडलं. पुन्हा.

"पेटी नई राह्यनी, ताई," तो हळूच म्हणाला. "माय दुसरीकडे कोठे जेवी राह्यनी व्हई?"

तेवढ्यात ज्योत्स्नाचा फोन वाजला. प्रयोगशाळेतलं यंत्र दर अर्ध्या तासाला पेशींचा फोटो पाठवायचं. 'अन्न बंद' लिहिलेल्या बशीतल्या मोठमायच्या पेशींना नऊ दिवस चरबीचा थेंब दिलेला नव्हता. चौथ्या दिवशीच मरायला हव्या होत्या. बाराच्या फोटोत त्या सुकून बारीक झाल्या होत्या. साडेबाराच्या फोटोत त्यांच्यात तेलाचे टपोरे थेंब होते.

एकच्या फोटोत त्या तुडुंब भरल्या होत्या.

खरं सांगावं, असं ओठांवर आलं. पण कुंदनची पोरं उपाशी ताटाकडे बघत होती, आणि तिला तोंड वर करवेना. "लॅबमधून बोलावणं आलंय," ती म्हणाली.

"जाय. निखारा इझू देत नई मी. तोवर कोनी जेवाव नई."

जळगावला सणाच्या सुट्टीमुळे बंद असलेल्या प्रयोगशाळेत तिनं बशी उघडली. तुपाचा वास आला.

"माफ कर, मोठमाय," म्हणत तिनं ब्लीच ओतलं. भिंगाखाली एकेक पेशी फुटून विरली. एकही उरली नाही.

फोन वाजला.

"ताई, पेटनी!" कुंदनचा आवाज भरून आला होता. "पन अर्धीच. अर्धा घास तसाच शे, पांढरा."

ज्योत्स्नाची नजर भिंतीवर टाचलेल्या कुरिअरच्या पावतीकडे गेली. मोठमायच्या बाकीच्या पेशी तिनं गेल्याच महिन्यात पुण्याच्या प्रयोगशाळेला पाठवल्या होत्या.