टाचेमागचे ठसे

मी थापाड्या आहे, हे औंधापासून मिरजेपर्यंत कुणालाही विचारा. कोयनेच्या जंगलात वाघानं माझ्याकडं तंबाखू मागितली, ही हकीकत मी शेकडो वेळा सांगितली आहे आणि दर वेळी वाघ वीतभर वाढला आहे. पण माप मी कधी वाढवलं नाही. छत्तीस वर्षं सरकारी मोजणीत साखळी ओढली. बांधावर कुऱ्हाडी घेऊन उभ्या राहिलेल्या भावाभावांच्या मधून ओढली. इंच इकडचा तिकडं केला नाही. तेव्हा खालच्या हकीकतीतले आकडे तरी खरे धरा.

साल चौसष्ट, फेब्रुवारी. सांगलीत हळदीचा हंगाम होता, वाऱ्याला हळदीचा वास होता. परदेशात सात-आठ देशांच्या मैदानी स्पर्धा व्हायच्या होत्या. बायकांच्या लांब उडीसाठी आमच्या भागातून एकच मुलगी पुण्याच्या शिबिराला जायची होती, आणि तिथून जमलं तर विमानानं पुढं. त्या एका मुलीची निवड नदीकाठच्या मैदानावर, दुपारी तीनला. मोजायला हात पक्का माणूस हवा म्हणून मला बोलावलं होतं.

माझं काम सोपं होतं. सकाळी वाळूच्या खड्ड्यावर बारा बादल्या पाणी मारायचं, म्हणजे ठसा नीट उठतो. उडी झाली की टेपचं टोक ठशाला लावायचं. मग दंताळं फिरवून वाळू सारखी करायची. उडीचा नियम एकच: वाळूत जो ठसा उडी घ्यायच्या फळीच्या सगळ्यात जवळ, तिथून माप. पाय सतरा फुटांवर पडले आणि मागं चौदा फुटांवर हात टेकला, तर उडी चौदाची.

फळीपाशी निशाण घेऊन बाळासो ड्रिलमास्तर होते. मंडपात, खड्ड्यापासून वीस पावलांवर, टेबलामागं संघटनेचे सेक्रेटरी नानासो. पांढरं धोतर, उजव्या हातात पुष्कराजाची जाड अंगठी. मुली पाच. त्यातली एक नानासोंची भाची, कॉलेजातली, बूट घालून आलेली. दोनेकशे लोक तिलाच बघायला जमले होते.

शेवटची मुलगी वडूजकडची. अंजना खरात. उंच, काटकुळी, अनवाणी. बाप पलटणीत, तिकडं बर्फात. बरोबर आई, भामाबाई. नाव लिहिताना नानासोंनी पेन थांबवलं.

"गावात कुठं राहता?"

असं का विचारतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तिलाही होतं.

"घरात," भामाबाई म्हणाली.

लोकांत कुणीतरी हसलं आणि गप्प झालं.

माझ्या जवळून जाताना मी अंजनाला रामराम घातला. ती 'जयभीम' म्हणाली. त्यात वाईट काय? काही नाही. पण मी दंताळं जरा जोरात आपटलं, हेही सांगून टाकतो.

पहिल्या फेरीत नानासोंची भाची सोळा फूट अकरा इंच गेली. टाळ्या, शिट्ट्या. मग अंजना. ती पळत आली तेव्हा मागून कुणीतरी बेडकाचा आवाज काढला. ती फळीवरून उठली आणि जी वर गेली ती खाली यायचं विसरली की काय असं वाटलं. टाचा रुतल्या त्या सतराच्या पुढं. माझी नजर टेपपेक्षा पक्की आहे. मी टोक घेऊन धावलो.

टाचांच्या मागं, अडीच फूट अलीकडं, पंजा उठला होता. पाचही बोटं, खोल. कुणीतरी अंगाचा सगळा भार टाकून दाबल्यासारखा.

"हात टेकला," बाळासो म्हणाले. "ठशाला लाव, जोतीराम."

"न्हाई टेकला," अंजना म्हणाली. तिनं दोन्ही तळवे पुढं केले. कोरडे. ओल्या वाळूत हात गेला तर वाळू चिकटतेच, ती झटकून जात नाही.

भामाबाई कडेला येऊन वाकली. "आवं मास्तर, ह्या ठशाच्या बोटात अंगठी हाय. माझ्या पोरीच्या बोटात कुठं दिसती?"

खरंच होती. मधल्या बोटाच्या मुळाशी जाड कड्याची आडवी खूण.

"ठसा हाय का न्हाई? मग माप ठशाला. बाजूला व्हा, बाई."

मी टोक पंजाला लावलं. पंधरा फूट दोन इंच. नियमच होता. दंताळं फिरवताना सहज मंडपाकडं नजर गेली. नानासो उजवा तळवा रुमालानं पुसत होते. पुसत होते आणि रुमालाकडं बघत होते. रुमालावर ओली वाळू होती.

ते खुर्चीवरून उठले नव्हते. हे मी शपथेवर सांगतो. चहासुद्धा जागेवर आला होता.

दुसरी फेरी. नानासोंच्या भाचीची उडी साफ पडली, मागं एक कणसुद्धा हललेला नाही. बाकी तिघींचीही तशीच. मी प्रत्येकीनंतर वाळू सारखी केली, वर फळकूट ओढलं. शेवटी तर आरशासारखी केली.

अंजना आली. आता बेडकं दहा-बारा झाली होती. एक म्हातारा म्हणत होता, "इमानात बसवून धाडत्यात व्हय असली माणसं?" आणि शेजारचा म्हणाला, "बसू दे की रं, उडी मारून उतरंल." हसू पिकलं.

टाचा पुन्हा सतराच्या पुढं.

मागं पंजे दोन. एक अंगठीवाला. दुसरा तेरा फुटांवर, त्याची करंगळी बाहेर वळलेली. मोडून वाकडी जुळावी तशी.

बाळासो ड्रिलमास्तरांची करंगळी लेझीम शिकवताना मोडली होती, सगळ्या जिल्ह्याला माहीत. ते खड्ड्यापाशी आले, ठशाकडं बघितलं आणि निशाण डाव्या हातात घेऊन उजवा हात खिशात घातला.

"मास्तर," मी हळू म्हणालो, "माप कुठनं घेऊ?"

"नियम ठाऊक न्हाई का तुला?"

"हाय. म्हणूनच इचारतोय."

"ठशाला." त्यांचा आवाज फाटला होता. खिशातला हात आतल्या आत चोळला जात होता.

तेरा फूट.

अंजनानं पुन्हा दोन्ही तळवे पुढं केले, कोरडे. एक उडी उरली होती. ती चुन्याच्या खुणेपाशी जाऊन उभी राहिली, तिथं आई गेली. मी जवळच पाण्याची बादली घेऊन होतो.

"जाऊ या का घरला?" भामाबाईनं विचारलं.

"न्हाई."

"मग मागं बघू नगंस. म्होरं बघ नुसती."

"आये, कुणीतरी हाय त्या वाळूत."

"असू दे. तुला वर जायाचंय."

तिसरी फेरी. भाचीचे सोळा-अकरा कुणी ओलांडले नव्हते. लोक दोरीपर्यंत पुढं आले. आता बेडकाचा आवाज कुणी काढत नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं. दोनशे माणसं दात आवळून एका पोरीच्या पायांकडं बघत होती. तिनं पडावं असं तिथं कुणी मोठ्यानं म्हणालं नाही. म्हणायची गरज नव्हती. हळदीचा वास थांबला होता, का वाराच थांबला होता, ठाऊक नाही.

ती निघाली.

मी तिच्याकडं बघितलंच नाही. मी वाळूकडं बघत होतो.

फळी वाजली.

ती हवेत होती तेव्हा वाळू दबायला लागली. वर काही नव्हतं. भाकरी थापताना पिठावर बोटं उठावीत तसे पंजे उठत गेले. एक, चार, दहा. मोठे, बारके, बायकी, पोरसवदा. मग मोजता येईनात. फळीच्या बाजूनं ते पुढं सरकत होते, तिच्या खाली, तिच्या मागं, तिला गाठायला.

आवाज काही नव्हता.

टाचा पडल्या.

पंजे जिथल्या तिथं थांबले. तिच्या टाचेपासून टीचभर मागं.

ती पुढं तोल सावरून उभी राहिली, खड्ड्याबाहेर गेली आणि आईनं सांगितल्याप्रमाणं वळून बघितलं नाही.

भामाबाई खड्ड्याच्या कडेनं चालत मंडपासमोर गेली. पदर खोचला.

"नानासो, माप घ्या. नियमानं घ्या. पर त्याच्या आदी हितल्या समद्यांनी हात दाखवायचं."

कुणी हलेना.

"दाखवा की. माझ्या पोरीनं दोनदा दाखवलं."

दोनशे माणसं. कुणी हात पाठीमागं घेतले, कुणी बगलेत, कुणी धोतराच्या सोग्यात. पोरासोरांनी मुठी आवळल्या. नानासोंची भाची एकटी स्वतःच्या तळव्यांकडं बघत होती. तिला रडू फुटत होतं.

नानासोंनी उजवा हात टेबलाखाली ठेवला होता. डाव्या हातानं पेन उचललं. उजवखोरा माणूस.

"जोतीराम," ते म्हणाले, "माप टाचेला लाव."

मी लावलं. सतरा फूट नऊ इंच. त्यांनी डाव्या हातानं वेडंवाकडं लिहिलं. खाली अंजनाचं नाव लिहिलं, आडनावासकट.

टाळी एकही नाही. मायलेकी पिशवी उचलून वडूजच्या गाडीसाठी स्टँडकडं चालत्या झाल्या. अंजना पुण्याला गेली, पुढं परदेशातही गेली. तिथं किती उडी मारली ते मी मोजलं नाही, म्हणून सांगत नाही.

मैदानाच्या कोपऱ्यात एक नळ होता. तिथं रांग लागली होती. लांबच लांब, दोरीसारखी सरळ. एकेक जण हात धुऊन पायवाटेला लागत होता. नानासो रांगेत उभे होते, माणसांच्या मधे, नंबर न मोडता.

खड्ड्यापाशी मी एकटाच. ऊन उतरलं होतं, पंजे त्यात सावल्या धरून स्पष्ट दिसत होते. सवयीनं मोजायला लागलो. एकशे सत्त्याण्णवपर्यंत गेलो आणि सोडून दिलं.

सगळ्यात अलीकडचा, फळीच्या बाजूचा, माझ्या पायांपाशी होता. तो पंजा डावा होता. मी डावखोरा.

माझ्या हातांना वाळू होतीच. सकाळपासून होती, कामच ते. त्यामुळं हात बघून काही कळण्यासारखं नव्हतं. ठशात हात ठेवला असता, तर कळलं असतं. माप घ्यायला एवढं सोपं काम मला उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं.

मी दंताळं उचललं.

बाकीचे पंजे एकाच फेऱ्यात गेले. त्या एकाला तीन फेरे लागले.